आडवी चाल

"सरळ चाल," आई दातओठ खात म्हणाली. "सरळ चाल म्हणते ना."

पोरगी परत आडवीच चालली. उजवा खांदा पुढे, पोट आत ओढलेलं, हात अंगाला चिकटवलेले. हाडांच्या दवाखान्याचा कॉरिडॉर एवढा रुंद की दोन स्ट्रेचर शेजारी-शेजारी जातील. आणि त्यात ही सहा वर्षांची पोर चोरासारखी सरकत चाललेली.

डॉक्टरबाईंनी गुडघे वाकवून बघितले होते, खुबे फिरवून बघितले होते. काही सापडत नव्हतं.

"कधीपासून आहे हे?"

"चालायला लागली तेव्हापासूनच असेल," आई म्हणाली. "घरात कोणाला कळलंच नाही. शाळेत कवायतीला अख्खी रांग समोर तोंड करून आणि ही एकटी आडवी. तेव्हा बाईंनी बोलावून घेतलं."

वर्गातली पोरं तिला खेकडा म्हणायची. तिला राग यायचा नाही. खेकडे तिला आवडायचे. रडायची ती आई, तेही मोरीत नळ सोडून.

"एक्स-रे बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खुब्यात दोष निघाला तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

एक्स-रे काढून झाला, नवराबायको पोरीला घेऊन बाहेर बाकावर येऊन बसली, आणि ऑपरेशनच्या धसक्याने गप्प बसणं काही जमेना.

"तुमच्याकडे होतं का कोणाला असं?" आईने विचारलं.

"आमच्याकडे सगळे नाकासमोर चालणारे."

"हो ना. तुमचा धाकटा भाऊ तर स्वतःच्या लग्नातून नाकासमोर चालत गेला. अजून आला नाही."

नवरा एक्स-रे तयार झाला का बघतो म्हणाला आणि पोरीला घेऊन उठला.

आई एकटी राहिली. ऑपरेशन झालंच तर पोरगी महिनाभर पडून राहणार. तिला झोपवायचं कुठे? आतल्या खोलीत खिडकीजवळ एक पलंग टाकावा लागेल. पण खिडकीजवळ माहेरचं कपाट. त्याची किल्ली केव्हाच हरवलेली. आत काय आहे ते आता तिलाही आठवत नव्हतं. ते सरकवावं तर त्याच्यापुढे डबे, झाकण नसलेले, आणि डबे नसलेली झाकणं, दोन पोती. कोणी बोललं की ती म्हणायची, "असू दे की. खायला मागतं का ते?"

बरं, पलंग आत न्यायचा कुठून? पॅसेजमधून. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. पॅसेजच्या एका भिंतीला फ्रीजची दारं उभी, सातआठ तरी, आणि दुसऱ्या भिंतीला छातीपर्यंत कॉम्प्रेसर, जाळ्या, पंखे. "पार्ट आहे तो. लागतो," हे त्याचं ठरलेलं. लागायचा तेव्हा तो त्याला सापडायचा नाही, मग दुकानातून नवीन आणायचा. जुना तिथेच. नवीन उरला तर तोही तिथेच.

पलंग कसला जातोय तिथून, तिने मनात म्हटलं. माणूस जाताना मारामार, हातात काही असलं तर ते डोक्यावर.

तिने मान वर केली.

कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडून नवरा येत होता. सगळा कॉरिडॉर रिकामा. आणि हा उजवा खांदा पुढे काढून, पोट आत घेऊन, एक्स-रेचं पाकीट डोक्यावर धरून सरकत येत होता. त्याच्यामागे पोरगी. तस्सीच. तिच्या डोक्यावर पाण्याची बाटली.

आई उठून उभी राहिली.

आत डॉक्टरबाईंनी एक्स-रे दिव्यावर लावला. बराच वेळ बघितला. "हाडं एकदम ठणठणीत आहेत. मला कळत नाही, मग ही अशी चालते का."

"डॉक्टर," आई म्हणाली, "ही आमच्या पॅसेजची चाल आहे."

पोरीने लगेच मान हलवली. "सरळ गेलं की खांद्याला लागतं," ती म्हणाली. जगात सगळ्यांच्याच घरी लागतं, असा तिचा समज.

"काहीतरीच काय," नवरा उखडला. "मी काय आडवा चालतो?"

"बाबा, तुम्ही जरा दारापर्यंत जाऊन या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तो ताडकन उठला. दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या. दार येताच त्याचा खांदा आपोआप पुढे झाला, हात वर गेले. तो तिथेच थांबला आणि स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

आईला हसू फुटलं. ते थांबेचना. ऑपरेशन नाही, प्लास्टर नाही, काही नाही. डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला तरी ती हसतच होती.

रविवारी भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागला. कपाट न उघडताच गेलं. दोन्ही पोती गेली. फ्रीजची दारं गेली. एक कॉम्प्रेसर नवऱ्याने हळूच परत आत आणला.

"लागला तर?"

"तर आणाल दुकानातून," ती म्हणाली. "आत्तापर्यंत काय करत होता?"

तोही गेला. पॅसेजमधली फरशी हिरवी निघाली. कोणाला आठवतच नव्हतं.

संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात चहा घेत बसले होते. अंग दुखत होतं, पण बरं वाटत होतं. तेवढ्यात पॅसेजमधून धाडकन आवाज आला. दोघंही सवयीने एकदमच ओरडले, "काय पडलं?"

"मी," पोरगी म्हणाली. "पळत होते. परत पळू?"