गिझरला सांगायचं राहिलं

समुपदेशक तेजस वाघचौरे बाथरूममध्ये स्टूल घेऊन बसला आणि त्याने गिझरला विचारलं, "आज कसं वाटतंय?"

"पाणी तापलंय," गिझर म्हणाला. "साहेब अजून आले नाहीत."

दारात उभ्या असलेल्या प्रतिभाताईंनी हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. लोंढेसाहेबांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते. फ्रिज पहिल्याच भेटीत सावरला. टीव्ही तर दहाव्यालाच क्रिकेट सोडून मालिकांवर आला. गिझर मात्र रोज सहाला पाणी तापवून दिवसभर वाट बघायचा.

"ताई, याला नक्की काय सांगितलंय तुम्ही?"

"गावाला गेलेत म्हणून."

"असं का?"

"अजून वॉरंटीत आहे हो तो. एवढ्या लहान वयात काय सांगायचं?"

"खरं सांगा. घरच्या माणसानेच सांगावं लागतं."

प्रतिभाताईंनी ते अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. फोन सगळे दिरांनी केले होते. त्या नळाकडे बघत म्हणाल्या, "साहेब वारले रे. आता येणार नाहीत."

गिझरचा लाल दिवा विझला. तेजसने प्रतिभाताईंकडे बघून फॉर्मवर 'रुग्णसंख्या'समोरचा एक खोडून दोन केला.

"मग तुमची आंघोळ किती वाजता असते?" गिझरने विचारलं.

एकतीस वर्षं प्रतिभाताई साहेबांच्या उरलेल्या पाण्यात आंघोळ उरकत होत्या.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि टॉवेल खुंटीला अडकवला. "सात लावून बघ."