कपाटावरचा कप

आमच्या ह्यांचा शाळेतला शर्यतीचा कप कपाटावर असतो, अक्षरं कायम भिंतीकडे. पुसायला घेतला की ओरडतात, "राहू दे, मुलामा जाईल!" मला वाचता येत नव्हतं तेव्हापासून संशय आहे. परवा शाळेनं पन्नास वर्षांच्या प्रदर्शनासाठी जुनी बक्षिसं मागितली, तर म्हणाले, "हरवला." त्याच संध्याकाळी शर्यतीत दुसरी आलेल्या नातीला म्हणाले, "मी कधी दुसरा आलो नाही. सोड ते पळणं." पोरीनं बूट कोपऱ्यात भिरकावले. मी स्टुलावर चढून कप फिरवला. तिनंच शिकवलेली अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचलं, "तीन पायांची शर्यत." नात खुदकन हसली. "आजोबा, ती तर जोडीनं पाय बांधून पळतात!" ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. तिनं बूट उचलले. कपावर दोन नावं होती, एक ह्यांचं, दुसरं खरवडलेलं. मी विचारलं, "अहो, बांधलेला दुसरा पाय कुणाचा?"