बिनधुराची शेगडी

पौषातल्या गारठ्याने गेणूच्या छातीतली शिट्टी तीन दिवस थांबली नव्हती. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दमेकऱ्याजवळ धूर नको. म्हणून बयाबाईने रुळांकडेला पडलेला इंजिनाचा जळका कोळसा वेचून नवऱ्याच्या उशाशी शेगडी पेटवली. निखारे लालभडक, धुराचं नाव नाही. ती खिडकीच्या फटी शेणाने लिंपू लागली, तेव्हा शेजारची कस्तुराबाई म्हणाली, "बये, शेगडीला वाट ठेव." "धूरच न्हाई मावशी, मग वाट कुणाला?" दार लागलं. सांजेपर्यंत खोली तापली, शिट्टी मंदावत थांबली. गेणू निजला, गालांवर लाली चढली. बयाबाईला हायसं वाटलं. मांजर मात्र दाराला नखं घासत होतं. तिचं डोकंही ठणकत होतं. जागरणाने असेल. दार उघडायला तिचा हात गेला. पण गारवा शिरला तर? तिने मांजराला बाजूला सारलं आणि दाराखालची फट नवऱ्याच्या पटक्याने बुजवली.