रविवार, सहा

"बाबा, आपण सहलीला चाललोय, की अजून एस्तेवानला शोधायला?"

विचारलं एकदाचं! फीनाने दप्तरसुद्धा खांद्यावरून उतरवलं नव्हतं. शाळेत जेवणाच्या सुट्टीत शांडीन आणि कॅसिडी या मैत्रिणींनी पैज लावली होती : "दम असेल तर भावाबद्दल आजच विचार. नाहीतर आठवडाभर आमचे ट्रे तू उचलायचे." आणि फीना हल्ली भर वर्गात उभी राहून बोलायची, हमरस्त्यावर एकटी गाडी चालवायची. एक प्रश्न तो काय!



तिचे बाबा, एलॉय, स्वयंपाकघरात टेबलाशी बसून यादी करत होते. पठारावरच्या लाकडी खोपीत तीन दिवस राहायला जायचं होतं. तिथे नळ नाही, वीज नाही, फोन लागत नाही. पाणी माणशी रोज एक कॅन, म्हणजे नऊ. उंदरांच्या लेंड्यांवर शिंपडायला ब्लीच. काडेपेट्या. कंदील. आई, बर्नाडेट, सप्टेंबरात भाजून ठेवलेल्या हिरव्या मिरच्यांची पिशवी फ्रीजरमधून काढत होती.

"सहलीला," आई म्हणाली.

"शोधायला," बाबा म्हणाले.

दोघंही एकदमच. मग दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"एलॉय, तू मला काय म्हणाला होतास?"

"तीन दिवस तिथेच आहोत तर दोन घळी बघून होतील. पलीकडच्या. शेरीफची माणसं तिकडे गेलीच नव्हती."

"अकरा महिने झाले."

"मोजता येतं मला."

फीनाने वाकून यादी वाचली. वरच्या ओळी आईच्या सांगण्यावरून लिहिलेल्या : पत्ते, कॉफी, जाड गोधड्या. अगदी खाली, बारीक अक्षरात, दुर्बीण, दोर, खडू.

"खडू? शाळा भरवताय की काय तिथे?" ती हसली. एकटीच.

"बघून झालेल्या घळीच्या तोंडाशी फुली मारायला," बाबा म्हणाले.

आईने मिरच्यांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि नळ सोडला. नळाखाली काहीच नव्हतं. तो नुसताच वाहत राहिला.

बाबांनी यादीची घडी केली आणि दुसरा कागद ओढला. डांबरी रस्ता सोडून आत जाणारं इथलं कुणीही हा कागद केल्याशिवाय निघत नाही. किती जण, कुठल्या वाटेने, परत कधी; तोवर आलो नाही तर शेरीफला फोन. बाबांनी दोन्ही मुलांना बुटाची नाडी बांधायला शिकवली आणि लगेच हे शिकवलं.

त्यांनी लिहिलं : 'तीन जण. जुन्या पवनचक्कीपासून डावीकडे. परत, रविवार, संध्याकाळी सहा.'

कागद घेऊन ते फ्रीजपाशी गेले. फ्रीजच्या दारावर एक कागद आधीच होता. उन्हाने पिवळा पडलेला, अक्षर तिरकं, एस्तेवानचं. 'एक जण. जुन्या पवनचक्कीपासून डावीकडे. परत, रविवार, सहा.'

तो काहीही विसरला नव्हता. गेल्या जूनमधल्या त्या रविवारी बाकीचे तिघं दुसऱ्या गावी एका लग्नात नाचत होते. घरी आले मंगळवारी, दुपारी, तेव्हा कागद वाचला. पवनचक्कीच्या पुढे गाडी सापडली. तो नाही.

बाबा नवा कागद चुंबकाखाली सरकवायला लागले.

"त्याच्यावर नको," आई म्हणाली.

"मग कुठे लावू?"

"कुठेही लाव. त्याच्यावर नको."

"बरं, शेजारी लावतो. दिसला म्हणजे झालं."

"कुणाला दिसला म्हणजे?" फीना म्हणाली.

हा प्रश्न तिला कुणी पैजेवर दिला नव्हता. तो आपला आपणच बाहेर पडला, आणि आवाज वर्गातल्यासारखा मोठा नव्हता.

बाबांचा हात दारावरच राहिला.

"शेजारच्या ट्रुहियोबाईंना सांगून जाऊ," ते म्हणाले. "येऊन बघून जातील."

"ट्रुहियोबाई ईस्टरच्या आधीच लेकीकडे राहायला गेल्या, बाबा. त्यांच्या घराला कुलूप आहे."

आईने नळ बंद केला.

फीनाने खिशात हात घातला. गाडीची किल्ली सोमवारपासून तिच्याच खिशात होती. पठारापर्यंतच्या अठरा मैलांच्या कच्च्या रस्त्यावर या वेळी तिने गाडी चालवायची, असं ठरलं होतं. सगळ्या शाळेला सांगूनही झालं होतं. तिने किल्ली टेबलावर यादीशेजारी ठेवली. बाबांच्या बोटांतून कागद काढून घेतला, 'तीन' वर काट मारली आणि वर लिहिलं, 'दोन'.

"हे काय, पोरी?" आईने विचारलं.

"पाणी सहाच कॅन घ्या," फीना म्हणाली. "सहलीला जा, नाहीतर शोधायला जा, तुमचं तुम्ही ठरवा. मी येत नाहीये. मी घरी थांबणार आहे, या कागदापाशी. सहा वाजून एक मिनिट झालं की मी फोन लावणार."