नऊ स्विच आणि एक मिसकॉल

गोजराबाईंना सोमवारी नारळ मिळाला. खराखुरा, शेंडीसकट, वर शाल. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू. कारण अजून गुरुवार आहे, दुपारचा एक वाजून गेलाय आणि गोजराबाई वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या भाजीपाला उत्पादक संघाच्या कचेरीत फरशी पुसताहेत.

संघाची नऊ केंद्रं, त्यातलं एक या कचेरीतच. शेतकरी वांगी-भेंडी काट्यावर ठेवतो, वजन संगणकातून मालेगावला येतं. केंद्रातले संगणक ज्या पेटीला जोडलेले असतात, तिला स्विच म्हणतात. संघाचे स्विच जुने. दिवसातून एकदा बंद करून चालू केले नाहीत तर चारपर्यंत गप्प होतात, काटा थांबतो आणि भेंडी पोत्यात माना टाकते.

म्हणून संघानं वाशिमहून प्रज्वल नावाचा नेटवर्कवाला आणला. त्यानं प्रोग्राम बसवला: रोज दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, नऊही स्विच आपोआप बंद होऊन चालू. माणसाचा हात नको.

बसवून झाल्यावर सचिव रंगराव साहेबांच्या पडद्यावर ‘मंजूर’ असं बटण आलं. साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"याच्यावर सही कुठं करावं?"

शेवटी त्यांनी बटणाचा प्रिंट काढायला लावला, त्यावर सही केली, शिक्का मारला, फायलीला लावला. वेळापत्रकाचंही तसंच. या कचेरीतून निघणाऱ्या प्रत्येक कागदाच्या तळाशी ‘प्रत, कार्यवाहीसाठी: सर्व शिपाई, नऊही केंद्रे’ असं छापलेलं असतं. काहून, ते कोणालाच ठाऊक नाही. साहेबांच्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिकाही तशीच गेली होती.

तेव्हापासून दोनशे अकरा दिवस झाले. बंद कधी झाले, चालू कधी झाले, हे स्विच स्वतःच कळवतात. दीडनंतर प्रज्वलच्या पडद्यावर नऊ हिरव्या ओळी येतात. एकही दिवस खाडा नाही. शिरपूरचा स्विच बाजाराच्या दिवशी दहा मिनिटं आधी होतो, मानोऱ्याचा रोज चार मिनिटं उशिरा. अहवालात प्रज्वलनं दोन्हीपुढे ‘तांत्रिक’ असं लिहिलंय.

एक पंचवीसला गोजराबाईंनी फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि कमरेचा मोबाइल काढून एकामागून एक मिसकॉल द्यायला लागल्या.

"कोणाले मिसकॉल देऊन राह्यल्या, मावशी?" प्रज्वलनं डबा उघडत विचारलं.

"आपल्याच लोकाईले. वेळ झाली ना."

"जेवाची?"

"जेवन मंग. आधी काम."

प्रज्वल हसला. मावशी मागच्या खोलीत गेल्या. दीड वाजला. नऊ ओळी हिरव्या झाल्या. मानोऱ्याची उशिरा.

तीन वाजता साहेबांनी बोलावलं. संघाला खर्च कमी करायचा होता. गोजराबाईंचं शिपायाचं पद रद्द करायचं, आणि त्यासाठी प्रज्वलनं लिहून द्यायचं की यंत्रणेला माणूस लागत नाही. गोजराबाईंची नोकरी चौदा महिने उरली होती. त्या दारातच उभ्या होत्या, चहा घेऊन.

प्रज्वलनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"लिहा ना बाबू," गोजराबाई म्हणाल्या. "खरं असन ते लिहा."

"दोनशे अकरा दिवस, मावशी. एक दिवस चुकलं नाई."

गोजराबाई चक्क लाजल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "आता तुमी मनता तं."

"मानोऱ्याचं तेवढं उशिरा काहून होते?" साहेबांनी विचारलं.

"लाइन कमजोर आहे, साहेब."

"तिथच्या सेवालालचे गुडघे दुखते, साहेब," दारातून आवाज आला.

"त्याचा अर्ज वेगळा द्या," साहेब म्हणाले.

प्रज्वलनं सही केली. आकडे खरे होते.

आता सोमवार. नारळ, शाल, दोन शब्द. गोजराबाई निघताना प्रज्वलपाशी थांबल्या.

"मंग उद्यापासून कोन करन?"

"मशीन, मावशी."

"शिकलं का ते?"

"त्याले तं पहिल्या दिवसापासून येते."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि नारळ संगणकापुढे ठेवून बसस्टँडकडे गेल्या.

मंगळवारी दीड वाजता एकही ओळ हिरवी झाली नाही. चार वाजता मालेगाव गप्प झालं, मग शिरपूर, मग बाकीचे. काट्यांपुढे रांगा लागल्या. प्रज्वलनं शिरपूरच्या शिपाई अंजूला फोन लावला.

"वरून मिसकॉलच नाई आला," अंजू म्हणाली. "आमी वाट पाहून राह्यलो."

प्रज्वलनं प्रोग्राम उघडला. बराच वेळ पाहिला. मग त्यानं कागद घेतला.

"मा. सचिव महोदय, आपोआप चालणारी यंत्रणा बसवल्यापासून एकदाही चाललेली नाही. आपण ‘मंजूर’ बटण दाबाल याची ती आजही वाट पाहत आहे. आपल्या सहीच्या वेळापत्रकाची प्रत मिळाल्यामुळे दोनशेहून अधिक दिवस नऊही स्विच शिपायांनी हातानं बंद-चालू केले. वेळेचा इशारा गोजराबाई देत होत्या. रद्द झालेल्या पदावर माणूस परत घेता येत नाही, हे मान्य आहे. सोबत नारळ परत जोडला आहे. सबब, श्रीमती गोजराबाई यांची ‘संगणक व सुटे भाग’ या शीर्षाखाली तातडीनं खरेदी करण्यात यावी, ही विनंती."