तिसऱ्या दिवसाचा उतार

विनिताने पिशवीतून शाल बाहेर काढली, तसा हेमचंद्र सोफ्यावरून उठलाच.

"वहिनी, हे काय? हे नको."

"भाऊजी, आज नाही म्हणायचं नाही. उद्याची फ्लाइट आहे आमची. पुन्हा कधी भेट होईल सांगता येत नाही."

तिचा नवरा रामेश्वर खाली मान घालून चहा ढवळत होता. दुबईतला अल कुसैसचा फ्लॅट त्यांनी कालच रिकामा केला होता. कार्गोचे खोके पुण्याला रवाना झाले होते. पंधरा वर्षांची नोकरी त्याने एका मेलमध्ये सोडली. "खलास," एवढंच त्याने ऑफिसात सांगितलं. ज्या शहरात मुलगी वाढली तिथे तिच्याशिवाय राहायचं नव्हतं.

ओवी आणि हेमचंद्रचा तन्मय केजीपासून एका वर्गात. स्कीइंगही दोघं एकदमच शिकली, दुबईच्या मॉलमधल्या बर्फावर. अठरा पूर्ण झाल्यावर दोघांनी हट्ट धरला, खऱ्या डोंगरात जायचं. जॉर्जियात चार दिवसांची टूर होती. पायात स्की घालूनच डोंगर चढायचा, आणि ज्या उतारावर कुणाची रेघसुद्धा नाही तिथून खाली यायचं. सोबत गाईड. विनिता तयार नव्हती. हेमचंद्र स्वतः जातोय म्हटल्यावर ती कबूल झाली. विमानतळावर तिने ओवीचा हात त्याच्या हातात दिला होता.

तिसऱ्या दिवशी हिमकडा कोसळला.

"पुन्हा एकदा सांगाल?" विनिता म्हणाली. "शेवटचं. मग कधी नाही विचारणार."

अल नहदातल्या आपल्या घराच्या ह्याच हॉलमध्ये गेल्या सात आठवड्यांत हेमचंद्रने ते अनेकदा सांगितलं होतं. शोभना, त्याची बायको, दर वेळी काहीतरी आणायला आत जायची. आताही ती आत गेली.

"गाईडचा पाय पहिल्याच धक्क्यात मोडला," हेमचंद्र म्हणाला. "मी कडेला फेकला गेलो, म्हणून वर राहिलो. दोन्ही पोरं खाली. प्रत्येकाच्या छातीला छोटं मशीन असतं, त्याचा सिग्नल पकडत जायचं. पण ते एवढंच सांगतं की इथे कुणीतरी आहे. कोण आहे ते सांगत नाही."

"हो."

"पहिला सिग्नल मिळाला तिथे मी खणायला लागलो. तो तन्मय निघाला. त्याचं तोंड मोकळं केलं आणि तसाच धावलो. ओवी खूप खोल होती, वहिनी. मी पोचलो तेव्हा..."

"तेव्हा ती गेलेली होती."

"शांत होती. झोपल्यासारखी. डॉक्टरही म्हणाले, पहिल्या दोन-चार मिनिटांतच गेली असणार."

विनिताने डोळे मिटले. हे शेवटचं वाक्य ऐकण्यासाठीच ती यायची. त्या वाक्यावर तिला एक-दोन रात्री झोप लागायची.

हेमचंद्रच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून पट्टी होती. त्या दिवशी हातमोजा निसटला होता, आणि उघड्या हाताने खणताना बोटं गोठली. पुढची पेरं डॉक्टरांना काढावी लागली. शाल त्याच्या खांद्यावर घालताना विनिताने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

"ह्या हातांनी तुम्ही माझ्या पोरीला बाहेर काढलं. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत सापडली नसती."

"वहिनी, प्लीज."

ती वाकली. तो मागे सरकेपर्यंत तिचं डोकं त्याच्या पायांना लागलं होतं. रामेश्वरने चष्मा काढून पुसला. "देवमाणूस आहेस रे," तो म्हणाला.

तन्मय डायनिंग टेबलाशी बसून होता. परतल्यापासून तो असाच होता. कॉलेज बंद, मित्र बंद. वडील खोलीत आले की हा बाहेर जायचा. काउन्सेलर म्हणाली होती, जो वाचतो त्याला अपराधी वाटतं, वेळ लागेल. आज मात्र तो बाहेर गेला नव्हता.

विनिता उठून त्याच्याजवळ गेली. केसांतून हात फिरवला.

"तन्मय, बाळा, तू वाचलास ह्याचा मला राग नाही हं. अगदी आईशपथ. उलट तुझ्याकडे बघून बरं वाटतं."

"काकू, प्लीज डोन्ट."

"एकच सांग. तूही त्या बर्फाखाली होतास. कसं असतं रे तिथे? घाबरली असेल का ती?"

"वहिनी, त्याला नका विचारू," हेमचंद्र पटकन म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"इट्स ओके," तन्मय म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याने वडिलांकडे सरळ पाहिलं. मग तो विनिताकडे वळला आणि मराठीत, एकेक शब्द जुळवत बोलू लागला.

"काळोख असतो, काकू. हलता येत नाही. आपण कितीही ओरडलो तरी वर कुणाला ऐकू जात नाही. पण वरचं आपल्याला ऐकू येतं. सगळं. अगदी स्पष्ट."

शोभना पाण्याचा ट्रे घेऊन आतून आली आणि दारातच थांबली.

"म्हणजे बाबांच्या हाका ऐकल्यास तू?" विनिताचा चेहरा उजळला. "त्या ऐकून धीर आला असेल ना? मग ओवीनेही ऐकल्या असतील. काय म्हणत होते रे ते?"

"तन्मय," हेमचंद्र म्हणाला.

"माझ्यापर्यंत पोचायच्या आधी ते दुसरीकडे खणत होते. जवळच. मग खणणं थांबलं, आणि ते म्हणाले, 'ओवी, हात सोड. सोड बाळा माझा हात, मला आधी तन्मयला शोधू दे.'"