दिवाळीनंतर रुजू

"निशी, तुह्या भरतीची जाहिरात कधीची व्हय गं?" कहकशां सिस्टरनं वॉर्डाच्या दारातूनच विचारलं. हातात मोबाईल, चेहरा फुललेला.

"दोन हजार पाचची. उन्हाळ्यातली. काहून?"

"मंग झालं ना बाई! आत्ताच ग्रुपवर आलं. जाहिरात एक नोव्हेंबरच्या आधीची असन, तं रुजू कधीबी झाले असा, जुनी पेन्शन घेता येते. मिठाई खिलाव आता!"

निशिगंधा पेशंटची नस शोधत होती. तिनं सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. "हा पेशंट तू घे," एवढंच म्हणाली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. पण पायाला नुसती भिंगरी लागली होती. ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिली.

लग्नाच्या वर्षीच, दसऱ्याच्या सुमारास, तिची नेमणूक झाली होती. गाव झरी जामणी, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. रुजू व्हायला महिन्याची मुदत होती. सासूबाई म्हणाल्या, "घरातली पयली दिवाळी हाये तुही. लक्ष्मीपूजन होऊ दे, मंग जाय." नव्या सुनेनं काय बोलावं? त्या वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं एक नोव्हेंबरला आलं. भाऊबीज आटोपून ती झरीला हजर झाली. आणि सरकारनं रेघ ओढली ती त्याच तारखेवर. एक नोव्हेंबरपासून पुढे जे लागले त्यांना जुनी पेन्शन नाही. तिच्याबरोबर निवडलेल्या, पण आधी हजर झालेल्या पोरींना म्हातारपणी निम्मा पगार, मरेपर्यंत. हिच्या पगारातून मात्र दर महिन्याला कपात, आणि ती रक्कम शेअर बाजारात. दूर कुठे युद्ध पेटलं, कुठली बँक बुडाली, की मोबाईलवर तिच्या म्हातारपणाचा आकडा खाली सरकायचा. ड्युटीवरही ती तो उघडून बघायची आणि मग दिवसभर कशात लक्ष लागायचं नाही.

हा सगळा राग तिनं एकाच ठिकाणी ठेवला होता. सासूबाईंवर, इंदुताईंवर. पुढे बदली होऊन ती बोरी अरबला सासरी राहायला आली, तरी सासूशी कामापुरतंच बोलली. दिवाळीत मुद्दाम ड्युटी मागून घ्यायची. लक्ष्मीपूजनाला कधी घरी थांबली नाही. मागच्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनच्या संपावरून घसा बसवून आली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुमच्या करंज्यांपायी माह्यं म्हातारपण गेलं." इंदुताईंनी तेव्हाही तिच्यासमोर गरम पाण्याचा पेला ठेवला होता आणि आत निघून गेल्या होत्या.

संध्याकाळी ती बसमधून उतरली ती जवळजवळ पळतच घरी आली. तिचा नवरा सुनील अंगणात कापसाच्या गंजीवर ताडपत्री ओढत होता. तिनं उभ्याउभ्याच बातमी सांगितली.

सुनीलच्या हातून ताडपत्रीचं टोक सुटलं. तो ओट्यावर बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं चेहरा पुसला.

"सुटलो बाप्पा."

"तुम्ही कायचे सुटले?"

तो ताडपत्री ओढायला उठू लागला. निशिगंधा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मी विचारून राह्यली, तुम्ही कायचे सुटले?"

"दिवाळीपर्यंत थांबव, असं मीच म्हटलं होतं आईले." सुनील जमिनीकडे बघत होता. "माह्यं नाव सांगू नको म्हटलं. तू शिकेल, नोकरीवाली. मी वावरातला माणूस. झरीले गेली तं वापस येते का नाही, याचं भेव वाटे. थोडे दिवस घरात राहशील तं जीव लागन, असं वाटलं. त्या तारखेचं कोणाले मालूम होतं?"

"आणि मंग? मालूम झाल्यावर?"

"आईच बोलू देत नव्हती. राहू दे म्हणे."

निशिगंधाला त्याच्यावर ओरडायचं होतं. शब्द तोंडाशी आलेही. पण डोळ्यांसमोर तो गरम पाण्याचा पेला आला, आणि ती वळून तडक घरात गेली.

इंदुताई मागच्या दाराशी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अंगणातलं बोलणं तिथपर्यंत ऐकू आलं असावं. त्यांनी मान वर केली नाही. निशिगंधा त्यांच्यासमोर खाली बसली. कितीतरी वर्षांत ती अशी बसली नव्हती. काय करावं ते सुचेना म्हणून तिनं दोन शेंगा उचलल्या.

"आई, इतकं टाकून बोलली मी तुम्हाले. लोकांसमोर बोलली. तुम्ही एका शब्दानं सांगतलं नाही. काहून?"

इंदुताईंनी तिच्या हातातल्या शेंगा हळूच काढून घेतल्या.

"सासूवर राग धरून घर चालते, पोरी. नवऱ्यावर धरला असता, तं तू झरीहून वापस आली असती का?"